ग्राहकाच्या मेलमधलं 'क्वाइट' : कौतुक समजायचं की तक्रार?

पॅकहाउसवाला

मंडळी, मी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये निर्यातीची कागदपत्रं बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालात रोग-कीड नसल्याचा दाखला), सगळं. ऑफिसात इंग्रजी जरा बरं असलेला मीच, म्हणून परदेशी मेलसुद्धा माझ्याच गळ्यात. काल इंग्लंडच्या ग्राहकाचा मेल आला. थॉमसन द्राक्षांचा कंटेनर न्हावाशेवाहून निघून आफ्रिकेला वळसा घालून गेला, त्यामुळे उशिरा पोचला. मेल जसाच्या तसा देवनागरीत देतो:

"ओव्हरऑल द फ्रूट इज क्वाइट गुड. द स्टेम्स आर क्वाइट ड्राय. द बेरीज आर नॉट क्वाइट एटीन मिलिमीटर. देअर वर क्वाइट अ फ्यू लूज बेरीज इन द पनेट्स. आय क्वाइट अंडरस्टँड द डिले."

(पनेट म्हणजे द्राक्षं भरायचा छोटा डबा, लूज बेरीज म्हणजे घडातून सुटलेले मणी.) पाच वाक्यं आणि पाच क्वाइट! शेठ म्हणतात, पहिल्याच वाक्यात 'गुड' आलंय ना, मग विषय संपला. बागायतदारांना फोन लाव, माल पास झाला म्हणून सांग. लूज बेरीजचं विचारलं तर म्हणाले, 'अ फ्यू' म्हणतोय तो, चार-दोन मणी गळणारच.

मला ते पटेना. शाळेत क्वाइट म्हणजे 'अगदी' असं शिकवलं होतं. त्या हिशेबाने माल अगदी चांगला आणि देठ अगदी सुके. एकाच पेटीत दोन्ही कसं बसणार? जाणकारांनी सांगावं. शेठ संध्याकाळी परत विचारणार आहेत.

लय_भारी

'देठ अगदी सुके' असलं तर माल अगदी चांगला कुठला, अगदी मनुका म्हणा. पिंपळगावला मनुक्यालापण भाव आहे, टेन्शन नका घेऊ.

सिडको_मास्तर

पॅकहाउसवाले, तुमची शंका रास्त आहे. शाळेत शिकवलं तेही खोटं नाही, फक्त अर्धंच शिकवलं. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, तेव्हा त्यातला थोडा दोष माझ्याही जातभाईंचा.

क्वाइटला मुख्य अर्थ दोन. एक 'पूर्णपणे, अगदी'. दुसरा 'बऱ्यापैकी, ठीकठाक'. कुठला घ्यायचा हे क्वाइटकडे बघून कळत नाही, पुढच्या शब्दाकडे बघावं लागतं. पुढचं विशेषण कमी-जास्त होणारं असेल, म्हणजे गुड, ड्राय, टॉल, डिफिकल्ट, तर ब्रिटिश माणसाच्या तोंडी क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी. पण विशेषण टोकाचं असेल, ज्यात थोडं-जास्त हा प्रकारच नाही, जसं इम्पॉसिबल, परफेक्ट, डेड, सर्टन, तिथे क्वाइट म्हणजे पूर्णपणे. 'क्वाइट डिफिकल्ट' म्हणजे बऱ्यापैकी अवघड. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य.

विद्यार्थ्यांना मी एक चाचणी द्यायचो. त्या विशेषणाच्या आधी मराठीत 'थोडं' लावून बघा. 'थोडं अवघड' चालतं. 'थोडं अशक्य' चालत नाही. जिथे 'थोडं' चालत नाही तिथे क्वाइट पूर्ण ताकदीचं.

आता तुमचा मेल लावून बघा:
क्वाइट गुड: बरा आहे.
क्वाइट ड्राय: देठ बऱ्यापैकी सुकलेत.
नॉट क्वाइट एटीन: पूर्ण अठरा भरत नाही, थोडी कमी. 'नॉट'च्या जोडीला क्वाइट नेहमी 'पूर्णपणे' याच अर्थी असतं.
क्वाइट अ फ्यू: इथे तुमचे शेठ फसले. याचा अर्थ 'बरेच'.
क्वाइट अंडरस्टँड: पूर्ण समजू शकतो.

गंगापूररोड_स्नेहा

मास्तर, चाचणीला एक भोक आहे. 'डिफरंट'ला 'थोडं' लावा. 'थोडं वेगळं' आपण सर्रास म्हणतो, इंग्रजीतही 'स्लाइटली डिफरंट' चालतं. म्हणजे तुमच्या नियमाने 'क्वाइट डिफरंट' हे 'बऱ्यापैकी वेगळं' व्हायला हवं. पण सगळीकडे ते 'पूर्ण वेगळं' असंच वाचलंय.

सिडको_मास्तर

स्नेहाताई, नेमकं बोट ठेवलंत. डिफरंट हा दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा शब्द आहे. तो कमी-जास्त होतो, पण क्वाइट लागलं की टोकाचा होतो. 'दॅट्स क्वाइट डिफरंट' म्हणजे ती गोष्टच निराळी. चाचणी बहुतेक जागी चालते, सगळ्या जागी नाही. व्याकरणाचा कुठला नियम सगळ्या जागी चालतो म्हणा.

पॅकहाउसवाला

मास्तर, 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच? शब्दात तर 'फ्यू' आहे. शेठना हे पटवणं म्हणजे कठीण आहे. ते म्हणतील मी अर्थ फिरवतोय.

मीनल_बर्मिंगहॅम

मी मूळची पंचवटीतली, इकडे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तुमच्या शेठना माझ्या वॉर्डातलं सांगा.

ऑपरेशन झालेला सत्तरीचा इंग्रज पेशंट. विचारलं, दुखतंय का? तो म्हणतो, 'क्वाइट अ बिट.' शब्दशः 'बिट' म्हणजे थोडंसं. पण चेहरा पांढराफटक आणि पलंगाचा कठडा घट्ट धरलेला. 'क्वाइट अ बिट' म्हणजे भरपूर दुखतंय, तो फक्त ओरडणार नाही. म्हणून आम्ही शब्दावर कधीच थांबत नाही. शून्य ते दहामध्ये किती, असं विचारतो. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतकं. त्या बाबाने सांगितलं आठ.

'क्वाइट अ फ्यू', 'क्वाइट अ बिट', 'क्वाइट अ लॉट', 'क्वाइट सम टाइम' ही सगळी एकाच कुटुंबातली. सगळ्यांचा अर्थ 'बरंच'. फ्यू आणि बिट हे शब्द नावाला.

एक बारीक फरक मात्र लक्षात ठेवा. मधला 'अ' गेला तर अर्थ उलटतो. 'क्वाइट फ्यू' म्हणजे बऱ्यापैकी कमी. शेठनी बहुतेक तेच वाचलं असणार. मेलमध्ये 'अ' आहे का, एकदा बघून घ्या.

पॅकहाउसवाला

ताई, 'अ' आहे. आता परत उघडून बघितलं. ढळढळीत आहे.

न्यूजर्सी_नाशिककर

सगळे इंग्लंडची बाजू मांडतायत, अमेरिकेचीही ऐका. इथे माझा मॅनेजर 'क्वाइट गुड' म्हणाला तर मी खूश होऊन घरी जातो. अमेरिकन माणूस 'बऱ्यापैकी'साठी बहुतेक 'प्रिटी' वापरतो. त्याच्या तोंडी क्वाइट आलं की त्याचा कल 'व्हेरी'कडे असतो. तेच अक्षर, तोच स्पेलिंग, समुद्र ओलांडला की वजन वाढतं.

आणि आपल्याकडचं इंग्रजी ब्रिटिशांकडून आलेलं असलं तरी या शब्दाबाबत आपण अमेरिकनांच्या जवळचे आहोत, असं माझं निरीक्षण. नाशिकमध्ये कुणी 'क्वाइट नाइस' म्हणालं तर ते कौतुकच असतं. घोळ तिथेच होतो. लिहिणारा ब्रिटिश, वाचणारा आपण.

लय_भारी

म्हणजे शेठचा पुढचा कंटेनर न्यूजर्सीला पाठवा. तोच माल, 'क्वाइट गुड' मिळाल्याशी कारण.

मीनल_बर्मिंगहॅम

न्यूजर्सीकरांचं बरोबर आहे. मी एवढंच सांगते की इकडेसुद्धा ते नुसत्या शब्दावर ठरत नाही, आवाजावर ठरतं. 'क्वाइट' या शब्दावर जोर देऊन, सूर थोडा खाली नेऊन वर उचलला की त्यात न बोललेला 'पण' असतो. 'इट वॉज क्वाइट गुड...' आणि पुढे शांतता. तो 'पण' ऐकणाऱ्याने समजून घ्यायचा. उलट 'गुड'वर जोर दिला तर बऱ्यापैकी मनापासूनचं कौतुक असू शकतं. मेलमध्ये आवाज नसतो, तिथे पुढची वाक्यं बघायची. तुमच्या ग्राहकाने 'क्वाइट गुड'नंतर लगेच तीन उणिवा मोजल्यात. म्हणजे तो 'पण' त्याने लिहूनच दिलाय.

इकडची पद्धतच ती. आधी गोड, मग मुद्दा, शेवटी पुन्हा गोड. शेवटचं 'आय क्वाइट अंडरस्टँड' हे दुसरं गोड. मधली तीन वाक्यं हा खरा मेल.

ओझरकर

व्हॉट्सॲपवर एक तक्ता फिरत असतो. ब्रिटिश काय म्हणतात, त्यांच्या मनात काय असतं आणि परक्याला काय कळतं. त्यात 'क्वाइट गुड'समोर 'थोडी निराशा झाली' असं लिहिलेलं आहे. गंमत म्हणून ठीक, पण मीनलताई सांगतायत त्यावरून तक्ता अगदीच हवेतला नाही.

मी विमान कारखान्यात काम करतो. आमच्या मॅन्युअलमध्ये बोल्ट 'क्वाइट टाइट' आवळा असं कुणी लिहिलं तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतील. तिथे टॉर्कचा आकडा असतो आणि आकड्याच्या दोन्ही बाजूंना किती सूट, तेही. पॅकहाउसवाले, तुमच्या धंद्यातसुद्धा मिलिमीटर, ब्रिक्स (साखरेचं प्रमाण), तापमान सगळं मोजून जातं. मग माल पोचल्यावरचा रिपोर्ट आकड्यांत का मागत नाही?

निफाडचा_बागायतदार

ओझरकर बरोबर बोलले. बाग माझी आहे म्हणून सांगतो. आम्हाला 'माल बरा होता' या निरोपाचा शष्प उपयोग नाही. देठ का सुकले? खुडणी उन्हात झाली, का प्रीकूलिंगला (भरण्याआधी गार करायला) माल उशिरा गेला, का वाटेत कंटेनरचं तापमान वर गेलं? मणी गळाले ते मण्यातच गर सैल होता म्हणून, का पॅकिंगच्या बायांनी घड झटकले म्हणून? साईज कमी भरली तर ती थेट माझ्या बागेची गोष्ट, विरळणी कमी झाली किंवा घड जास्त ठेवले. एकेका वाक्याचा धनी वेगळा आहे. तुमच्या शेठनी 'पास झाला' म्हणून सांगितलं तर पुढच्या ऑक्टोबर छाटणीला मी तेवढेच घड ठेवणार. मग?

सिडको_मास्तर

बागायतदार साहेब, तुम्ही माझ्या तासाला बसला असतात तर वर्ग सुधारला असता.

खान्देशी_भो

हे सगळं वाचून वाटलं, इंग्रजांना नावं ठेवताना आपण काय कमी आहोत? आपलं 'बरा' बघा. 'तब्येत बरी आहे' म्हणजे चांगली. 'जेवण बरं होतं' म्हणजे चांगलं नव्हतं. 'बरा मोठा आहे' कुणी म्हणत नाही, पण 'बराच मोठा' म्हणतो. एक 'च' लागला आणि 'ठीकठाक'चा 'पुष्कळ' झाला. क्वाइट करतं तेच काम, फक्त आपण 'च' मागे जोडून करतो.

कॉलेज रोडवर मिसळ खाऊन मित्राला विचारा कशी होती. 'बरी होती' म्हणाला तर तो परत तिथे जाणार नाही, समजून जा. पापड, दही, तर्री सगळं होतं, तरी 'बरी'. इंग्रजाचं 'क्वाइट गुड' म्हणजे हीच मिसळ.

आमच्याकडे अहिराणीत पुष्कळला 'गंज' म्हणतात. त्यात असली लपवाछपवी नाही. गंज म्हणजे गंज.

गंगापूररोड_स्नेहा

'च' ही भानगड फार मजेशीर आहे, धन्यवाद. 'चांगला ताप' कुणी म्हणत नाही, 'चांगलाच ताप भरला' म्हणतो. तिथे ताप चांगला नसतो, जोराचा असतो. 'अगदी' आणि 'अगदीच' तर त्याहून वाईट. 'अगदी साधा माणूस' हे कौतुक. 'अगदीच साधा' म्हटलं की मुलगी नकार देणार.

'अगदीच वाईट नाही' हे तर थेट इंग्रजी वळणाचं झालं, पण माझी आजी म्हणायची, आणि तिला इंग्रजीचा गंधही नव्हता. तेव्हा ओढूनताणून कौतुक करण्याची कला एकट्या इंग्रजांची नाही.

आयईएलटीएस_२०

मी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतोय. क्लासमध्ये सांगितलंय 'व्हेरी' सारखं वापरू नका, त्याजागी क्वाइट, रादर, प्रिटी वापरा म्हणजे बँड (गुण) वाढतो. आता हे वाचून घाबरलो. वापरू की नको? मी लिटरली गोंधळलोय.

सिडको_मास्तर

बेटा, 'लिटरली'वर वेगळा धागा काढावा लागेल, तो इथे नको.

वापर, पण अदलाबदलीचा शब्द म्हणून नाही. 'व्हेरी'च्या जागी 'क्वाइट' टाकलंस तर वाक्य सजत नाही, अर्थ उतरतो. 'पोल्युशन इज अ व्हेरी सीरियस प्रॉब्लेम' ऐवजी 'क्वाइट अ सीरियस प्रॉब्लेम' लिहिलंस तर ब्रिटिश परीक्षकाला प्रश्न थोडा हलका झालेला वाटेल. 'प्रिटी' बोलण्यात चालतं, निबंधात सैल दिसतं. 'रादर'ला बहुतेक वेळा नाराजीची किंवा आश्चर्याची छटा असते. 'रादर कोल्ड' म्हणजे हवं त्यापेक्षा जास्त गार.

जागा सांभाळ. 'अ व्हेरी गुड बुक', 'अ प्रिटी गुड बुक', पण 'क्वाइट अ गुड बुक'. क्वाइट 'अ'च्या आधी जातं. आणि स्पेलिंग! क्वाइट आणि क्वाएट (शांत) यांत शेवटची दोन अक्षरं उलटी होतात, आणि निम्मा वर्ग 'वर्ग क्वाइट आहे' लिहितो. म्हणजे वर्ग काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

गोदाकाठचा_वाचक

मास्तरांनी क्वाएटचा विषय काढलाच आहे तर सांगतो, ती दोन्ही मुळात एकाच घरची आहेत. लॅटिनमध्ये 'क्विएटस' म्हणजे शांत, निवांत. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'क्वित' आलं, म्हणजे मोकळा, सुटलेला, देण्यातून मुक्त. इंग्रजीत त्याची फळं तीन: क्वाएट, क्विट आणि क्वाइट. देणं फिटलं की 'वी आर क्विट्स' म्हणतात ते त्यातलंच. सुटलेला, मोकळा, म्हणजे काही बाकी न उरलेला, म्हणून 'पूर्णपणे'. क्वाइटचा जुना अर्थ हाच. 'बऱ्यापैकी' हा अर्थ पुष्कळ नंतरचा, वापरून वापरून झिजलेला.

आपल्याकडे 'साफ'ने तोच रस्ता घेतलाय. साफ म्हणजे स्वच्छ, मोकळा. तिथून 'साफ विसरलो', 'साफ नकार दिला', म्हणजे पूर्णपणे. फक्त आपलं 'साफ' अजून झिजलं नाही. 'साफ खोटं' म्हणजे आजही शंभर टक्के खोटं.

'व्हेरी'चंही तसंच. ते लॅटिनच्या 'व्हेरस' म्हणजे 'खरा' यावरून फ्रेंचमार्गे आलं. 'द व्हेरी मॅन' म्हणजे तोच तो माणूस, यात जुना अर्थ अजून दिसतो. 'रिअली'ही मुळात 'खरोखर'. पहिल्यांदा माणूस 'खरंच गोड आहे' म्हणतो, मग सगळेच म्हणायला लागतात, मग त्या 'खरंच'मध्ये दम राहत नाही, आणि नवा शब्द लागतो. म्हणून दर पिढीचा जोरदार शब्द निराळा. आमच्या वेळी 'फर्मास' होतं, नंतर 'जबरी' आलं, आता पोरं 'बेक्कार आवडलं' म्हणतात. बेक्कार आणि आवडलं!

लय_भारी

काका, 'भयंकर सुंदर' तुमच्याच पिढीचं ना? तेव्हा भय कुठलं होतं त्यात?

गोदाकाठचा_वाचक

खरंय. इंग्रजांचं 'ऑफुली नाइस' आणि 'टेरिबली सॉरी' पण तसंच. धाक, दहशत सगळं गेलं, नुसता 'खूप' उरला. त्यामुळे 'बेक्कार'वर मी रागावत नाही, फक्त माझ्या तोंडून निघत नाही.

वाइनवाली_अमृता

मी नाशिकच्या एका वाइनरीत टेस्टिंग रूमला आहे. आमच्याकडे या शब्दाने वेगळीच पंचाईत. पाहुण्याला सांगितलं, 'धिस वन इज क्वाइट ड्राय', तर तो ग्लासात बघतो, ओली आहे की! ड्राय म्हणजे गोडवा उरलेला नाही, साखर आंबून गेली. ती समजूत घातली की मग क्वाइटचा प्रश्न. मुंबईच्या पाहुण्याला 'क्वाइट ड्राय' म्हणजे एकदम ड्राय वाटतं आणि तो दुसरी मागतो. एका ब्रिटिश बाईंना वाटलं थोडी गोडी असेल, पहिल्या घोटालाच भुवया वर. आता मी क्वाइट टाळते. 'बोन ड्राय' म्हणते, किंवा सरळ सांगते, गोडी नाही.

पॅकहाउसवाले, तुमच्या मेलमधले देठ ड्राय, माझी वाइन ड्राय. दिंडोरीचीच द्राक्षं असतील दोन्हीकडे.

पॅकहाउसवाला

अमृताताई, तुमची द्राक्षाची जात वेगळी, आमची खाण्याची. पण शेजार तोच.

आता अपडेट. मीनलताईंचा पेशंट आणि बागायतदार साहेबांचं म्हणणं, दोन्ही शेठना वाचून दाखवलं. 'क्वाइट अ फ्यू'वर पाच मिनिटं वाद घातला, मग म्हणाले, विचार त्याला किती ते. मेल ड्राफ्ट करून दिला तर बघाल का? लूज बेरीज टक्क्यात किती, देठाच्या रंगाचे फोटो आणि सरासरी साईज, एवढं विचारायचंय. पण तक्रार अंगावर ओढून घेतल्यासारखं दिसायला नको.

मीनल_बर्मिंगहॅम

लिहा: 'थँक्स फॉर द प्रॉम्प्ट फीडबॅक. कुड यू शेअर द क्यूसी रिपोर्ट विथ फोटोज, सो वी कॅन टेक इट अप विथ द ग्रोअर्स बिफोर द नेक्स्ट लोडिंग?' बस. (क्यूसी म्हणजे मालाच्या दर्जाची तपासणी.) माफी नाही, सफाई नाही. 'टेक इट अप विथ द ग्रोअर्स' वाचून त्याला कळेल की त्याच्या मधल्या तीन वाक्यांचा अर्थ तुम्हाला समजला. आणि उत्तरात एकही क्वाइट वापरू नका.

ओझरकर

डेटा लॉगर बसवला होता का कंटेनरमध्ये? असेल तर तापमानाची नोंदही मागून घ्या. माल शून्याच्या आसपास राहिला का, ते त्यात दिसेल. मग देठाचं खापर कुणावर हा वाद मिटेल.

पॅकहाउसवाला

रिपोर्ट आला. सरासरी साईज १७ मिमी. ठरली होती १८. 'नॉट क्वाइट' म्हणजे हा एक मिलिमीटर. मणीगळ त्यांच्या मर्यादेच्या वर, फार नाही पण वर. देठांच्या फोटोत मुख्य देठ हिरवट आहे, बारीक फांद्या तपकिरी. कूज कुठेच नाही, म्हणजे ग्रेपगार्डच्या कागदाने काम केलं. लॉगरमध्ये तापमान सुरुवातीलाच वर दिसतंय, नंतर स्थिर. म्हणजे माल पुरता गार व्हायच्या आधीच भरला गेला. ते आमच्या पॅकहाउसचं, बागायतदाराचं नाही. शेठनी प्रीकूलिंगवाल्याला बोलावून घेतलंय.

क्लेम (नुकसानभरपाईचा दावा) लावलेला नाही. पण शेवटी लिहिलंय: 'द नेक्स्ट वन नीड्स टु बी रादर बेटर.' मास्तर, आता हे 'रादर' किती समजायचं?

सिडको_मास्तर

इथे रादर म्हणजे 'चांगलंच'. या जागी क्वाइट बसलंच नसतं. 'बेटर', 'बिगर' अशा तुलनेच्या रूपाआधी क्वाइट चालत नाही, रादर चालतं, मच चालतं. अपवाद एकच, 'आय अ‍ॅम क्वाइट बेटर', म्हणजे आजारातून पूर्ण बरा झालो.

तेव्हा पुढचा कंटेनर थोडा नाही, बराच सुधारलेला हवाय त्याला. ब्रिटिश माणसाने 'रादर बेटर' लिहून दिलं म्हणजे त्याने स्पष्टच बोलून घेतलं.

निफाडचा_बागायतदार

१७ चा माल माझ्या बागेतला असेल तर मला प्लॉट नंबर कळवा. यंदाचं तर गेलं, पण विरळणीचं मी बघतो.

पॅकहाउसवाला

साहेब, व्यनि (खाजगी निरोप) करतो. तीन प्लॉटचा माल होता, त्यातला एकच १७ च्या खाली गेलाय. तुमचा आहे का ते रजिस्टर बघून सांगतो. आज रात्री लोडिंग आहे, उद्या सकाळी कळवतो.